सुरत-बऱ्हाणपूर वाटेवरील ताट आणि पेला

आमच्या परिचयाचें एक कुटुंब नुकतेंच फ्रान्स व इटली या देशांचा प्रवास करून आलें. प्रवासाची आंखणी त्यांनीं केली ती देवळें, चित्रशाळा किंवा रणभूमि पाहून नव्हे, तर भोजनगृहें आणि द्राक्षमळे पाहून. एका नामांकित भोजनगृहांत जागा मिळावी म्हणून कित्येक महिने आधीं लिहून ठेवावें लागतें, तेव्हां ती तारीख प्रथम ठरली. अमुक मळ्याचें अमुक वर्षाचें मद्य त्या मळ्याच्या तळघरांतच चाखावयाचें, ही दुसरी तारीख. आणि या दोहोंच्या मध्यें जे दिवस उरले त्यांत जमेल तसें एखादें चर्च व एखादा राजवाडा. हा बेत ऐकून कित्येकांस हसूं येईल. आम्हांस तें येत नाहीं. परक्या देशांत गेलेल्या मनुष्याची तेथील लोकांशीं पहिली गांठ बहुधा ताटावरच पडते, आणि ती गांठ त्यानें मनापासून घातली तर त्यांत हलकें असें कांहीं नाहीं. परंतु बोलतां बोलतां त्या घरांतील यजमानांनीं आम्हांस एक प्रश्न केला. आपल्या बाजूला खाण्यापिण्याकडे असें लक्ष ठेवून कोणी परदेशी मनुष्य पूर्वीं कधीं आला होता काय, असें त्यांनीं विचारलें.

केवळ जेवणाकरितां कोणी आला होता असें म्हणतां येणार नाहीं. आले ते व्यापाराकरितां, वकिलातीकरितां किंवा हिरेमाणकांकरितां आले. पण त्यांचे प्रवासवृत्तान्त वाचूं लागलें म्हणजे असें दिसतें कीं, वाटेंत काय खावयास मिळालें, काय मिळालें नाहीं, कोणतें पेय बाधलें आणि कोणतें मानवलें, हें ते दुसऱ्या कोणत्याहि गोष्टीपेक्षां अधिक मनावर घेत. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर अशा नोंदी सर्वांत दाट सांपडतात त्या एका अशा मुलखाच्या, कीं ज्याचें नांव आज वर्तमानपत्रांत आलें तर बहुधा कुपोषणाच्या बातमींत येतें. हा मुलूख म्हणजे धुळें जिल्ह्यापासून १ जुलै १९९८ रोजीं वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा होय.

याचें कारण वाटेंत आहे. सुरत हें मोंगलाईचें मुख्य बंदर. तेथून आग्ऱ्यास जाण्याचे दोन मार्ग होते; एक अहमदाबादेवरून व दुसरा बऱ्हाणपुरावरून. हा दुसरा मार्ग बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार असा चढत खानदेशांत येई आणि पुढें थाळनेर, चोपडें करीत तापीच्या खोऱ्यानें बऱ्हाणपुरास पोंचे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सह्याद्रीचीं शेवटचीं टोकें, आणि मध्यें बैलांचे तांडे जाण्याजोगी ही एक फट. विसाव्या शतकाच्या आरंभास ताप्ती व्हॅली रेल्वे झाली तीहि बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार या जुन्याच मुक्कामांना धरून झाली. आज सुरतेहून भुसावळच्या गाडींत बसणारा उतारू, त्याला ठाऊक असो वा नसो, टॅव्हर्नियेच्या मागोमाग जात असतो.

या वाटेवरील सर्वांत जुनी साक्ष मात्र उलट दिशेनें आलेल्या एका मनुष्याची आहे. इब्न बतूता हा मोरोक्कोचा पंडित कांहीं वर्षें दिल्लीस काजी होता. महंमद तुघलखानें त्यास चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून धाडलें, तेव्हां १३४२ मध्यें तो दिल्लीहून निघाला आणि दौलताबादेवरून नंदुरबारास येऊन पुढें खंबायतेच्या बंदराकडे गेला. दौलताबादेस त्यानें द्राक्षें व डाळिंबें पाहिलीं, आणि तीं वर्षांतून दोनदां येतात हें लिहून ठेवलें. नंदुरबार त्याला लहानसें शहर वाटलें. तेथें मराठे राहतात, ते कलाकौशल्यांत, वैद्यकींत व ज्योतिषांत निपुण आहेत, आणि त्यांच्यांत थोर कुळें ब्राह्मणांचीं व क्षत्रियांचीं, असें तो सांगतो. मग तो त्यांच्या ताटाकडे वळतो. त्यांचें अन्न म्हणजे भात, भाजीपाला आणि तिळाचें तेल. प्राण्यांस इजा करणें त्यांस रुचत नाहीं. जेवण्यापूर्वीं ते सर्वांगास स्नान करतात. आणि मद्य ते पीत नाहींत. मद्यपान हा त्यांच्या लेखीं सर्वांत मोठा दुर्गुण होय. लगेच पुढें तो हेंहि जोडतो कीं, हिंदुस्थानांतील मुसलमानांचेंहि मत असेंच आहे, आणि त्यांच्यांत कोणी प्याला तर त्यास ऐंशीं फटके मारून तीन महिने कोठडींत घालतात.

वाचकांनीं हें ताट क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. भात, पाला, तिळाचें तेल. त्यांत मिरची नाहीं, कारण मिरची अमेरिकेंतून पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे यावयास आणखी दीडशें वर्षांहून अधिक काळ जावयाचा होता. आज नंदुरबारची कीर्ति मिरचीच्या बाजारपेठेवर आहे. हिवाळ्यांत गांवाबाहेरच्या पथारींवर लाल मिरचीचे गालिचे वाळत पडलेले असतात, आणि वारा सुटला म्हणजे नवख्या माणसास ठसका लागल्यावांचून राहत नाहीं. खानदेशी म्हणून ज्या तिखटाचा आपण अभिमान बाळगतों तें इब्न बतूतेच्या पानांत पडलेंच नव्हतें.

पण त्याच्या साक्षींतील मुख्य मुद्दा मद्याचा आहे, आणि त्याविषयीं सावध राहिलें पाहिजे. हा मनुष्य काजी होता. काजीच्या दृष्टीस जें प्रथम पडावयाचें तें पडलें, आणि जें त्याच्या धर्मशास्त्राशीं जुळलें त्याची त्यानें वाखाणणी केली. शिवाय तो सरकारी वकील. त्याचा उतारा शहरांत, त्याची उठबस प्रतिष्ठितांत. त्याचें वर्णन खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तें एका आळीचें वर्णन आहे, एवढेंच आमचें म्हणणें आहे. आणि दुसरी आळी कोठें होती याचा पत्ता आपल्याला पावणेतीनशें वर्षांनीं लागतो.

जानेवारी १६१० मध्यें विल्यम फिंच नांवाचा इंग्रज व्यापारी सुरतेहून आग्ऱ्यास निघाला. नंदुरबारच्या अलीकडे सात कोसांवर बादूर नांवाच्या गांवीं त्याचा मुक्काम पडला. हें गांव त्यास घाणेरडें व चोरांनीं भरलेलें वाटलें. (वाटेवरच्या बऱ्याच गांवांस त्यानें असेंच प्रशस्तिपत्र दिलें आहे.) येथें मोहाच्या गोड फळापासून पुष्कळ मद्य तयार होतें, पण तें आपणांस मानवलें नाहीं, जाळून घेतलें तरच बरें, असें त्यानें नोंदविलें. हा मुलूख तेव्हां बागलाणच्या प्रतापशहाचा. साल्हेर व मुल्हेर हे त्याचे किल्ले, आणि महमुदी नाणीं पाडण्याची टांकसाळ त्याचीच. पुढें नंदुरबारास आल्यावर मात्र फिंचला गांवाबाहेर पुष्कळ कबरी, विलासाचे बंगले, एक गढी व एक सुंदर तळें दिसलें.

आतां हीं दोन वाक्यें शेजारीं ठेवून पाहावींत. इब्न बतूता म्हणतो, नंदुरबारचे लोक मद्य हा महादोष मानतात. फिंच म्हणतो, तेथून सात कोसांवर मद्य विपुल निघतें. या दोहोंत विरोध मुळींच नाहीं. सात कोस म्हणजे एका दिवसाची वाटचाल; तेवढ्या अंतरांत पेठ संपते आणि रान सुरू होतें, ब्राह्मण-क्षत्रियांचीं घरें संपतात आणि भिल्लांचीं व त्यांच्या भाऊबंदांचीं सुरू होतात. इब्न बतूतेच्या वर्णनांत हे लोक आलेच नाहींत. त्यांचा पहिला स्पष्ट उल्लेख व्हावयाचा तो त्यांच्या पेयामुळें व्हावा, आणि तोहि नांवें ठेवण्याच्या निमित्तानें व्हावा, हें आम्हांस विचार करण्याजोगें वाटतें.

फिंचनें फूल न म्हणतां फळ म्हटलें, ही त्याची चूक क्षम्य आहे; मोहाचें फूल इतकें मांसल व रसाळ असतें कीं, परका मनुष्य सहज फसेल. फाल्गुन-चैत्रांत हीं फुलें रात्रीं गळतात, आणि पहांट होतांच बायकामुलें टोपल्या घेऊन झाडाखालीं जातात. दिवस वर येण्यापूर्वीं वेंचलीं नाहींत तर गुरें व अस्वलें खाऊन टाकतात. फुलें वाळवून ठेवतात. अन्नाच्या टंचाईंत तींच भाजून किंवा शिजवून खातात. बियांचें तेल निघतें. आणि तींच फुलें कांहीं दिवस पाण्यांत आंबवून भट्टीवर चढविलीं म्हणजे त्यांची दारू होते, जिची धार देवाला व पूर्वजांना सोडल्यावांचून सातपुड्यांतील लग्न किंवा सण पुरा होत नसे. फिंचला कदाचित् नुसता आंबवलेला रस मिळाला असावा, आणि जाळलेलें म्हणजे भट्टीवर उतरविलेलें असा त्याचा अर्थ असावा, असें आम्हांस वाटतें. तसें असेल तर त्याची तक्रार मोहाविषयीं नसून कच्च्या मालाविषयीं आहे, आणि कोणताहि भिल्ल ती मान्य करील.

फिंचनंतर पांच वर्षांनीं याच वाटेनें सर टॉमस रो गेला. हा पहिल्या जेम्स राजाचा वकील. सुरतेहून १६१५ च्या ऑक्टोबरअखेर निघाला. त्याच्या स्वयंपाक्याची एक गंमतीची हकीकत त्याचा पाद्री एडवर्ड टेरी यानें लिहून ठेवली आहे. हा स्वयंपाकी सुरतेस उतरला त्याच दिवशीं मद्याच्या शोधांत निघाला. एका अर्मेनियन ख्रिस्ती गृहस्थाच्या घरीं तें त्याला सांपडलें, आणि परत येतांना झोकांड्या खात त्यानें भर रस्त्यांत प्रत्यक्ष सुभेदाराच्या भावावर तलवार उगारली! वकिलातीचा आरंभ कसा झाला असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

रो मात्र स्वतः मिताहारी व तक्रारखोर होता. नंदुरबारास पोंचल्यावर त्याला हायसें वाटलें, कारण सुरत सोडल्यापासून पाव असा त्यास तेथेंच प्रथम मिळाला. मधल्या गांवचे लोक पाव न करतां नुसत्या पोळ्या भाजतात, असें तो कुरकुरतो. गुरें उदंड, पण वाणी लोक जीव मारीत नाहींत आणि मारण्याकरितां विकीतहि नाहींत, त्यामुळें मांसाचे हाल. म्हणजे आमच्या ताज्या भाकरी-चपात्यांवर ज्याला उपाशी राहिल्यासारखें झालें असा हा पाहुणा! परंतु त्याच कुरकुरीच्या ओघांत तो एक अमोल गोष्ट सांगून जातो. एका दिवशीं वाटेंत त्यास धान्यानें लादलेले दहा हजार बैल एकाच तांड्यांत भेटले, आणि पुढेंहि बहुतेक रोज लहानमोठे तांडे भेटत राहिले. खानदेशचें धान्य सुरतेकडे कसें वाहत असे याचें इतकें ठसठशीत चित्र अन्यत्र क्वचितच मिळेल.

बऱ्हाणपुरास रोनें शहाजादा परवीझ यास जी नजर केली तींत मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती. शहाजाद्यास ती फार आवडली. इतकी कीं, पुढील भेट खासगी महालांत द्यावयाचें ठरलें असतां रो बाहेर वाट पाहत बसला, आणि कांहीं वेळानें कळलें कीं शहाजादे प्यालेले आहेत, भेट व्हावयाची नाहीं. इंग्लंडच्या राजाचें राजकारण त्या दिवशीं इंग्लंडच्याच बाटलीनें बुडविलें.

यानंतर पंधराच वर्षांनीं, नोव्हेंबर १६३० मध्यें, पीटर मंडी याच वाटेनें गेला. त्या सालीं पावसानें दगा दिला होता, आणि गुजराथ व दख्खन या दोन्हीं प्रांतांत भयंकर दुष्काळ पडला होता. सुरतेपासून पुढें रस्त्याच्या दुतर्फा त्यास प्रेतें दिसलीं. वाटसरूंच्या घोड्याबैलांच्या शेणांत न पचलेला एखादा दाणा मिळेल या आशेनें माणसें तें शेण चिवडीत होतीं. हें त्यानें डोळ्यांनीं पाहून लिहिलें आहे. रोचे दहा हजार बैल ज्या वाटेनें धान्य घेऊन उतरले तीच ही वाट. धान्य बाहेर जाण्याची सोय असली म्हणजे पिकविणाराचें पोट भरतेंच असें नाहीं, हें येथें जितकें उघडें दिसतें तितकें कोणत्याहि अर्थशास्त्राच्या ग्रंथांत दिसणार नाहीं. मंडीनंतर या वाटेवरच्या पक्वान्नांचीं वर्णनें वाचतांना आमचा घांस जरा अडखळतो, हें कबूल केलें पाहिजे.

तरीहि त्यांतलें एक वर्णन सांगितल्यावांचून चालणार नाहीं. झां बाप्तिस्त टॅव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानें १६३१ ते १६६८ या काळांत पूर्वेकडे सहा सफरी केल्या, आणि त्यांचें वर्णन १६७६ मध्यें पॅरिसला प्रसिद्ध केलें. सुरत-बऱ्हाणपूर मार्गावरील मुक्काम मोजतांना तो बहुतेक गांवांची नुसतीं नांवें व कोस देऊन पुढें जातो. नंदुरबारावरहि तो रेंगाळत नाहीं. नवापुरास मात्र त्याची लेखणी थांबते. हें मोठें गांव आहे, विणकरांनीं भरलेलें आहे, पण येथील मुख्य व्यापार तांदळाचा, असें तो म्हणतो. गांवाजवळून नदी वाहते, तिच्यामुळें जमीन उत्तम, आणि भाताला लागणारें पाणी मुबलक. येथल्या तांदळाचा दाणा सामान्य तांदळाच्या निम्म्यानें लहान. शिजला म्हणजे बर्फाहून पांढरा. त्याला कस्तुरीचा वास येतो. हिंदुस्थानांतले सगळे उमराव याखेरीज दुसरा तांदूळ खात नाहींत. आणि इराणांत कोणास आवडेल अशी भेट द्यावयाची असली तर या तांदळाचें एक पोतें न्यावें.

टॅव्हर्नियेचें इराणांत वारंवार जाणें असे, आणि तेथील दरबारी लोकांस काय रुचतें हें ओळखण्यावर त्याचा धंदा चाले. जो देश भाताच्या पुलावाकरितां प्रसिद्ध, त्या देशाच्या मोठ्या माणसास नवापूरचा तांदूळ भेट म्हणून चाले, हें त्या तांदळास मिळालेलें सर्वांत मोठें प्रशस्तिपत्र होय. आणि उलट बाजूस इराणाहून काय येई? शिराझचें मद्य. बंदर अब्बासहून तें जहाजांनीं सुरतेस उतरे. १६८९ मध्यें सुरतेस आलेला पाद्री ओव्हिंग्टन इंग्रजी वखारीच्या मेजाचें वर्णन करतो त्यांत हें शिराझी मद्य आहे, आणि त्याच्या जोडीला पंच नांवाचें पेय आहे. हें नांव आपल्या पांच या शब्दावरून गेलें असें मानतात. अर्क, साखर, लिंबू, पाणी व मसाला हे पांच पदार्थ त्यांत पडत. त्या वखारींत इंग्रज, पोर्तुगीज व हिंदी असे तिन्हीं प्रकारचे आचारी असत, म्हणजे ज्याला जी चव पाहिजे ती मिळावी. एवंच, आज आमचे स्नेही ज्याकरितां विमानानें फ्रान्सला जातात तें सर्व सतराव्या शतकांत सुरतेच्या एका मेजावर येऊन मांडलें जाई, आणि त्याच्या बदल्यांत नवापूरच्या शेतांतलें एखादें पोतें इराणच्या मेजावर जाई.

पुढचा इतिहास मोहाचा आहे. खानदेश १८१८ मध्यें इंग्रजांकडे आला. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ मध्यें झाला, आणि आपल्या झाडाचीं फुलें आपल्या चुलीवर गाळणें हा गुन्हा ठरला. सरकारमान्य दारू मक्तेदाराच्या दुकानांतून विकत घ्यावयाची, आणि पैसे नसतील तर उधारीवर घ्यावयाची. ज्या पेयाची धार देवाला पडत होती त्याच पेयाच्या पायीं शेत गहाण पडूं लागलें. मग १९२२ मध्यें ठाणें जिल्ह्याच्या किनाऱ्याकडून देवीची चळवळ डोंगराडोंगरानें नाशिक, सुरत व खानदेशाकडे पसरली. अंगांत आलेली देवी सांगूं लागली कीं, दारूताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, दारूवाल्याच्या कामाला जाऊं नका. १९३८ च्या सुमारास तळोदें तालुक्यांत मोरवडच्या गुलाम महाराजांनीं हाच उपदेश केला, आणि हजारों भिल्लांनीं दारू सोडण्याची शपथ घेतली. शहरांतल्या सुधारकांनीं यांत आपल्या शिकवणीचा विजय पाहिला. आम्हांस त्यांत निराळेंच दिसतें. स्नान, निर्मांस अन्न आणि मद्याचा तिटकारा हें इब्न बतूतेनें नंदुरबारच्या थोर कुळांचें सांगितलेलें लक्षण. तें सहाशें वर्षांनीं रानांतल्या लोकांनीं आपण होऊन उचललें, आणि मक्तेदाराच्या वहीतून सुटण्याची वाट म्हणून उचललें. चळवळीनें मक्तेदार हादरला हें खरें. पण त्याबरोबर मोहाची कलाहि लाजेची झाली. द्राक्षाच्या रसाचें मद्य आणि मोहाच्या रसाची दारू, हा जो भेद आपण आज सहज बोलून जातों, त्यांत आंबण्याच्या क्रियेचा भाग थोडा आणि पिणाराच्या प्रतिष्ठेचा फार आहे.

नाशिकच्या द्राक्षमळ्यांत आतां महाराष्ट्रांतून व बाहेरून लोक मुद्दाम मद्य चाखावयास येतात, आणि सरकारनें २००१ पासून त्या धंद्यास उत्तेजन दिलें आहे. नर्मदेपलीकडे मध्यप्रदेश सरकारनें २०२२ मध्यें मोहाच्या दारूस वारशाचें मद्य म्हणून मान्यता दिली, आणि नंदुरबारला लागून असलेल्या अलीराजपूर जिल्ह्यांत आदिवासी बायकांचा गट ती बाटलींत भरूं लागला. नदीच्या अलीकडल्या तीरावर तेंच झाड आहे, तींच फुलें आहेत, आणि भट्टी अजून चोरूनच लागते.

नवापूरचें नांव मध्यंतरीं एकदां जगभर झालें होतें. फेब्रुवारी २००६ मध्यें हिंदुस्थानांतला पहिला बर्ड फ्लू तेथल्या कोंबड्यांत आढळला, आणि लाखों पक्षी मारावे लागले. दहा वर्षांनीं, २०१६ मध्यें, नवापूरच्या तूरडाळीस भौगोलिक मानांकन मिळालें. डाळ खरोखरच चवदार आहे. तांदूळहि तेथें अजून पिकतो. परंतु इराणला जाणारा तो लहान दाण्याचा, कस्तुरीच्या वासाचा तांदूळ कोणता, हें आज सांगतां येत नाहीं. टॅव्हर्नियेनें दाण्याचें माप दिलें, रंग दिला, वास दिला, खाणारांची प्रतिष्ठा दिली, आणि तो कोणाला भेट द्यावा हेंहि सांगितलें. पिकविणारा त्याला काय म्हणतो, हें मात्र त्यानें लिहून ठेवलें नाहीं.